'पिग्मॅलियन' आणि शुद्ध इंग्रजीचा सोस

बर्नार्ड शॉचे 'पिग्मॅलियन' ज्यांनी वाचलेले नाही त्यांनाही ते ठाऊक असते. लंडनच्या रस्त्यावर फुले विकणारी एक गावंढळ पोरगी, तिला सहा महिन्यांत उमरावांचे इंग्रजी शिकवण्याची पैज मारणारा एक उच्चारशास्त्रज्ञ, आणि अखेर पैज जिंकली जाणे, एवढा सारांश आपण सगळेच सांगू शकतो. हे नाटक १९१३ च्या ऑक्टोबरात प्रथम व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत रंगभूमीवर आले आणि १९१४ च्या एप्रिलात लंडनला झाले. इंग्रजी उच्चारांविषयीच्या नाटकाचा पहिला प्रयोग जर्मन भाषेत व्हावा हा योगायोग शॉला शोभण्यासारखाच आहे. पुढे १९३८ साली त्याचा बोलपट निघाला, १९५६ साली 'माय फेअर लेडी' हे संगीत रूप आले, आणि १९६४ च्या चित्रपटाने फुलवालीला घरोघर पोहोचविले. स्पेनमधल्या पावसाचे जे वाक्य म्हणून दाखविल्याशिवाय या नाटकाची आठवण पुरी होत नाही, ते शॉच्या मूळ संहितेत नाही. ते बोलपटाबरोबर आले. आपल्या स्मरणात राहिलेले नाटक आणि शॉने लिहिलेले नाटक यांतला फरक एवढ्यापुरताच असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मूळ नाटक पुन्हा वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, शुद्ध बोलण्याने माणसाचे भाग्य पालटते हा जो बोध आपण या नाटकातून घेतो, त्याच्या विरुद्ध साक्ष खुद्द नाटकच देते.

प्रथम शॉच्या प्रस्तावनेचा विचार करू. तेथे तो प्रचारकाच्या भूमिकेत आहे. एका इंग्रजाने तोंड उघडले की दुसऱ्या कोणा इंग्रजाच्या मनात त्याच्याविषयी तिरस्कार उत्पन्न होतो, अशा अर्थाचे त्याचे विधान प्रसिद्धच आहे. यावर शॉने सुचविलेला उपाय उच्चारशास्त्राच्या शिक्षणाचा आहे. फुलवालीत झालेला पालट अशक्य नाही किंवा दुर्मिळही नाही, आपल्या हेलामुळे वरच्या नोकऱ्यांना मुकणाऱ्यांनी धीर धरावा, असे तो सांगतो. ही प्रस्तावना आपल्यासारख्या परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला वाचताना सुखावणारी आहे, यात शंका नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना हेच ऐकले, आणि स्पर्धा-परीक्षेच्या मुलाखतीला जाताना हेच मनाशी घोकले.

आता तिसऱ्या अंकाकडे या. माझ्या मते नाटकाचे मर्म याच अंकात आहे. एलायझाचे उच्चार पुरते सुधारले आहेत, आणि हिगिन्स तिला आपल्या आईच्या घरी चार प्रतिष्ठित पाहुण्यांत आणून बसवितो. ती बोलू लागते. प्रत्येक स्वर निर्दोष, प्रत्येक 'ह' जागच्या जागी. परंतु ती बोलते काय? हवामानाचा विषय निघतो आणि ती पंचांग वाचावे तसे वाऱ्याचे वर्णन करते. मग आपल्या मावशीच्या मृत्यूची गोष्ट काढते, घरच्यांनीच म्हातारीला मारले असावे असा संशय बोलून दाखविते, आणि दारूच्या बाटलीचे गुणही गाते. व्याकरण तिचे जुन्या वस्तीतलेच आहे, शब्दही तेच. फक्त उच्चार राजवाड्यातले आहेत. उच्चार, व्याकरण आणि आशय या तीन निरनिराळ्या गोष्टी असून आपण त्यांना 'चांगले इंग्रजी' या एकाच नावाखाली कोंबतो, हे या एका प्रवेशात शॉने जितके स्वच्छ दाखविले आहे तितके कोणा भाषाशास्त्रज्ञाला क्वचितच साधले असेल.

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. जाताना एलायझा तो कुप्रसिद्ध शब्द उच्चारते, जो १९१४ साली लंडनच्या रंगमंचावर उच्चारला गेला म्हणून वर्तमानपत्रांत गहजब झाला. पाहुण्यांतील एक बाई अवाक् होते. पण तिची तरुण मुलगी क्लॅरा हिला वाटते की, ही नवीन तऱ्हेची संभाषणकला असावी. आणि तीही जाता जाता तोच शब्द मोठ्या ऐटीत वापरते. येथे प्रेक्षक हसतात. हसून झाल्यावर त्यांनी विचार करावा अशी शॉची अपेक्षा असणार. जो शब्द फुलवालीच्या तोंडी असता तर तिला दारातूनच हाकलले असते, तोच शब्द तिचे स्थान उंच आहे असा समज होताच अनुकरणीय ठरला. दोष शब्दात असता तर तो बोलणाराबरोबर बदलला नसता.

तथापि नाटकातील सर्वांत मोठा साक्षीदार एलायझा नव्हे, तिचा बाप आहे. आल्फ्रेड डूलिटल हा कचरा वाहणारा. त्याचा हेल, त्याचे व्याकरण, त्याची शब्दयोजना यांपैकी कशालाही हिगिन्स हात लावीत नाही. उलट त्याच्या अंगच्या वक्तृत्वाचे त्याला कौतुक वाटते. पाचव्या अंकात हा गृहस्थ उंच रेशमी टोपी घालून अवतरतो. हिगिन्सने थट्टेने लिहिलेल्या एका पत्रामुळे एका अमेरिकन धनिकाने मृत्युपत्रात त्याला वर्षाला तीन हजार पौंडांचे उत्पन्न ठेवले आहे. अट एवढीच की त्याने नीतिविषयक व्याख्याने द्यावीत! एकही स्वर न बदलता डूलिटल मध्यमवर्गात दाखल झाला आहे, आणि मुलगी मात्र सगळे स्वर बदलून रस्त्याच्या मध्ये उभी आहे. चौथ्या अंकात पैज जिंकून आल्यावर ती हिगिन्सच्या अंगावर त्याच्या सपाता भिरकावते, तो केवळ स्त्रीचा रुसवा नव्हे. पूर्वी मी फुले विकीत होते, आता मला काय विकता येईल, हा तिचा प्रश्न आहे. हिगिन्सजवळ याचे उत्तर नाही. पाचव्या अंकात ती शेवटी ज्या एका पोटभरू धंद्याचे नाव घेते तो धंदा म्हणजे दुसऱ्यांना उच्चार शिकविणे! इंग्रजी शिकून इंग्रजी शिकविण्यापलीकडे दुसरा मार्ग न दिसणाऱ्या आपल्याकडील पदवीधरांच्या पिढ्यांना हे ओळखीचे वाटेल.

छापील नाटकाला शॉने एक उत्तरकथन जोडले आहे. ते फारसे कोणी वाचत नाही, कारण प्रेक्षकांना एलायझाचे लग्न हिगिन्सशी व्हावेसे वाटते आणि शॉ ते लावून देत नाही. त्या उत्तरकथनात एलायझा बावळट फ्रेडीशी लग्न करून कर्नल पिकरिंगच्या मदतीने फुलांचे दुकान काढते. ते चालत नाही. नवराबायको हिशेब आणि टंकलेखन शिकायला संध्याकाळच्या वर्गांना जातात. अखेर फुलांच्या जोडीला भाजीपाला ठेवू लागल्यावर दुकान सावरते. म्हणजे डचेसच्या स्वरांनी न झालेले काम अ‍ॅस्परॅगसच्या जुड्यांनी केले. शॉ जेव्हा प्रचारक नसतो तेव्हा तो किती सच्चा कलावंत असतो याचा हा पुरावा आहे.

पिकरिंगचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट नमूद करतो. हा कर्नल हिंदुस्थानातून आलेला आहे, आपल्या देशातील बोलींचा अभ्यासक आणि बोलण्यातल्या संस्कृतवर ग्रंथ लिहिणारा. त्याने एलायझाला एकही उच्चार शिकविलेला नाही. पण आपल्याला पहिला आत्मसन्मान वाटला तो याने पहिल्या दिवशी 'मिस डूलिटल' अशी हाक मारली तेव्हा, असे ती शेवटी सांगते. आणि फुलवाली व सभ्य स्त्री यांतला फरक ती कशी वागते यात नसून तिला कसे वागविले जाते यात आहे, असेही. उलट हिगिन्स, ज्याच्या जिभेवर सर्व स्वर नांदतात, तो शिव्या देतो, जेवताना ताळतंत्र सोडतो, आणि त्याची घरकाम पाहणारी बाई त्याला त्याबद्दल सुनावते.

हे शुद्धतेचे नियम आले तरी कोठून? इंग्रजीचे व्याकरण ज्यांनी आपल्याला छडीने शिकविले त्यांनी हे कधी सांगितले नाही. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ याने १७६२ साली एक लहानसे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि त्यात शेक्सपिअर, मिल्टन व बायबलचे भाषांतरकार यांच्याच चुका दाखविल्या. १७९५ साली लिंडली मरे याचे व्याकरण निघाले, आणि ते पुढे शाळाशाळांतून चालले. एका वाक्यात दोन नकार आले तर ते एकमेकांना खोडतात हा नियम याच काळातील व्याकरणकारांनी पक्का केला. गणितात हे खरे असेल. पण चॉसरने आपल्या सरदाराच्या सौजन्याचे वर्णन करताना एका दमात चार नकार घातले आहेत, आणि तो सरदार दुर्वचनी होता असे आजवर कोणी समजलेले नाही.

उच्चारांची कथा याहून चमत्कारिक आहे. लंडनचा कष्टकरी 'हाउस'मधला 'ह' गाळतो म्हणून तो असंस्कृत. पण इंग्लंडमधील सुशिक्षित मनुष्य 'कार' आणि 'फोर्थ' या शब्दांतला 'र' गाळतो, आणि तेच शिष्टाचाराचे लक्षण. दोघेही एक एक व्यंजन गिळतात. एकाला त्याबद्दल शिक्षा, दुसऱ्याला मान. न्यूयॉर्कमध्ये हा न्याय उलटतो. विल्यम लबॉव्ह या संशोधकाने १९६२ साली तेथील तीन मोठ्या दुकानांतून, एक श्रीमंतांचे, एक मधल्या लोकांचे व एक स्वस्त मालाचे, विक्रेत्यांना अशा वस्तूंचा पत्ता विचारला की ज्यांच्या उत्तरात 'फोर्थ फ्लोअर' हे शब्द यावेत. जितके दुकान उंची तितका 'र' स्पष्ट! जो 'र' लंडनमध्ये गिळल्याने प्रतिष्ठा मिळते तोच न्यूयॉर्कमध्ये उच्चारल्याने मिळते. आपल्या बिचाऱ्या हिंदी 'र'ने काय करावे? तो तर दोन्हीकडे खणखणीत उमटतो. जुन्या इंग्रज उमरावांत 'हंटिंग'मधला शेवटचा 'ग' गाळण्याची रीत होती आणि मजुरांतही होती. तो उच्चारण्याची चिंता फक्त मधल्या लोकांना.

या मधल्या लोकांची फजिती १९५० नंतरच्या दशकात जगजाहीर झाली. अ‍ॅलन रॉस या प्राध्यापकाने १९५४ साली एका फिनिश नियतकालिकात उच्चवर्गीय आणि इतरांच्या शब्दांचा अभ्यास छापला. त्यावर नॅन्सी मिटफर्डने खुसखुशीत निबंध लिहिला, आणि 'यू' व 'नॉन-यू' हा इंग्लंडात करमणुकीचा आणि गुपचूप घाबरण्याचा विषय झाला. उच्चवर्गीय माणूस हात पुसायला 'नॅपकिन' मागतो, त्याची बरोबरी करू पाहणारा नाजूकपणाने 'सर्व्हिएट' म्हणतो, आणि त्या नाजूकपणानेच पकडला जातो. मिटफर्डचा निबंध चतुर आहे; मला तो निर्दयही वाटतो. शिडी चढणाऱ्याच्या पायाकडे वरून पाहून हसणे याला विनोद म्हणण्याची माझी तयारी नाही.

आकाशवाणीच्या आगमनाने हा सारा प्रश्न सरकारी झाला. बी. बी. सी. ने १९२६ साली उच्चारांविषयी एक सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते, आणि १९३० साली त्यांच्या मृत्यूनंतर ती खुर्ची कोणाकडे जावी? शॉकडे! डब्लिनमध्ये वाढलेला हा आयरिश मनुष्य इंग्रजांनी कसे बोलावे हे ठरविणाऱ्या मंडळाचा प्रमुख झाला. पुढे महायुद्धात, १९४१ साली, यॉर्कशरच्या हॅलिफॅक्स गावचा विल्फ्रेड पिकल्स बातम्या वाचू लागला. शत्रूला ठरीव बी. बी. सी. ढंगाची नक्कल सोपी जाऊ नये हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. त्याच्या उत्तरेकडील हेलाविरुद्ध श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. लंडनवर बाँब पडत असतानाही बातमी कोणत्या स्वरात सांगितली जाते याची चिंता वाहणारे लोक होते, ही गोष्ट मला शॉच्या सगळ्या प्रस्तावनेपेक्षा अधिक बोलकी वाटते.

त्या स्वरांचेही पुढे काय झाले? जोनाथन हॅरिंग्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथ यांची नाताळची भाषणे तपासली, १९५० नंतरच्या आणि १९८० नंतरच्या दशकांतली, आणि २००० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की, मधल्या काळात खुद्द राणीचे स्वर तिच्या सामान्य प्रजेच्या स्वरांकडे सरकले होते. तरी आजही इंग्लंडच्या २०१० च्या समता कायद्यात ज्या भेदांवरून पक्षपात करणे निषिद्ध आहे त्यांच्या यादीत हेलाचा उल्लेख नाही.

मराठीत पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली या नाटकाचे 'ती फुलराणी' केले आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा अजरामर केली. हे रूपांतर मला मूळ नाटकाइतकेच प्रिय आहे. म्हणूनच एक शंका मांडतो. शॉच्या प्रेक्षकाला कॉकनी ऐकताना वर्ग ऐकू येतो. मराठी प्रेक्षकाला 'पानी' आणि 'लोनी' ऐकताना वर्गाबरोबर जातही ऐकू येते, आणि ती ऐकू आली हे तो स्वतःशीही बोलत नाही. 'शुद्ध' हा आपला शब्दच पाहा. तो व्याकरणात चालतो आणि सोवळ्यातही. मंजुळेच्या तोंडून 'ण' येऊ लागतो तेव्हा नाट्यगृहात जो आनंद उसळतो तो मुलीच्या यशाचा असतो, की आपल्या 'ण'ला मिळालेल्या मानवंदनेचा? पु. लं.च्या लेखणीत मंजुळेविषयी जी माया आहे तिच्यामुळे हा प्रश्न बोचत नाही, पण तो निकालातही निघत नाही.

आता आपल्या कचेरीत येऊ. दिल्लीत ज्यांनी चार वर्षे काढली आहेत त्यांना एका दालनात पाच प्रांतांची इंग्रजी ऐकण्याचा सराव असतो. बंगाली सहकाऱ्याचा 'व' ओठांत मिटून 'भ' होतो, तमिळ सहकाऱ्याचे वाक्य धावत येते, पंजाबी 'स्कूल'च्या स आणि क यांमध्ये एक अ बसवितो. आणि आम्ही मराठी लोक प्रत्येक अक्षराला समान वजन देऊन इंग्रजीचे श्लोक म्हणतो. चहाच्या वेळी या सगळ्यांच्या नकला होतात. त्यांत द्वेष नसतो हे मी मान्य करतो. परंतु एका कचेरीत मी असे पाहिले आहे की, ज्या गृहस्थाला नियमांची बारीकसारीक माहिती सर्वांहून अधिक, त्याला बैठकीस कधी नेले जात नसे. त्याचे टिपण नेले जाई आणि दुसरा कोणी ते गुळगुळीत उच्चारांत वाचून दाखवी. बढतीची शिफारस वाचणाऱ्याची झाली. हा केवळ नकलेचा विषय राहिला नाही.

निसिम इझिकेल या मुंबईच्या बेने-इस्रायली कवीने 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत असाच एक कचेरीतला निरोपसमारंभ रंगविला आहे. बोलणारा प्रत्येक क्रियापद चालू वर्तमानकाळात टाकतो, कारण आपल्या भाषांत तसे वळण स्वाभाविक असते. ही कविता वाचून इंग्रजी शाळांत शिकलेले लोक खो खो हसतात. मी ती पुष्कळदा वाचली आहे, आणि मला तिच्यात हसण्याबरोबर एक प्रकारची कणवही दिसते: त्या माणसाला पुष्पाबाईंविषयी काही चांगले बोलायचे आहे आणि ते पोहोचतेही. पण इझिकेलचा हेतू काहीही असो, वाचकाने कोणाच्या बाजूला बसून हसावे हे कवीने सांगितलेले नाही, आणि ही मोकळीक मला थोडी धोक्याची वाटते.

मग व्याकरण नकोच काय? तसे म्हणणारे शहाणे आजकाल पुष्कळ भेटतात, विशेषतः ज्यांच्या मुलांना व्याकरण उत्तम येते ते. येथे मी शॉला सोडून सर अर्नेस्ट गॉवर्स यांचा हात धरतो. हे आपल्याच जातीचे, म्हणजे सरकारी नोकर. ब्रिटिश ट्रेझरीच्या सांगण्यावरून त्यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' लिहिले, आणि १९५४ साली त्याचे 'द कम्प्लीट प्लेन वर्ड्स' झाले. त्या वेळी ट्रेझरीचे मुख्य सचिव सर एडवर्ड ब्रिजेस होते, उच्चारसमितीच्या त्याच राजकवीचे चिरंजीव. बापाने बोलणे सुधारू पाहिले, मुलाने लिहिणे; मुलाचे काम अधिक टिकले असे मला वाटते. गॉवर्स यांच्या पुस्तकाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी शब्दांची निवड: अनावश्यक शब्द टाळा, ओळखीचा शब्द घ्या, नेमका शब्द शोधा. व्याकरणाचा क्रमांक त्यानंतर. कसोटी एकच की, ज्या नागरिकाला पत्र पाठवायचे त्याला ते पहिल्या वाचनात समजले की नाही. या कसोटीला लावले तर व्याकरणाचे काही नियम टिकतात आणि काही गळून पडतात. सर्वनाम कोणाकडे जाते हे न कळणारे वाक्य चूकच, कारण त्यामुळे एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन अडू शकते. इन्फिनिटिव्ह मधोमध चिरला गेला तर मात्र कोणाचेही काही अडत नाही. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात या चिरण्यावरून इंग्रजी भाषकांचे पाच वर्ग पाडून, ज्यांना हा नियम माहीत नाही आणि ज्यांना त्याची पर्वाही नाही त्यांचा हेवा केला आहे.

वरून परत आलेल्या मसुद्यावर लाल शाईने एक 'द' घातलेला असावा आणि मूळ प्रश्नावर आज्ञा काहीच नसावी, हा अनुभव वाचकांपैकी किती जणांचा असेल याची मला कल्पना आहे. 'द' घालणे सोपे असते. तो योग्यही असतो. पण अर्जदार त्या 'द'ची वाट पाहत बसलेला नसतो.

जाता जाता नाटकातल्या एका पात्राचा उल्लेख राहू नये. १९४१ च्या आवृत्तीत शॉने मेजवानीचा एक प्रवेश वाढविला आणि त्यात नेपोमुक नावाचा हंगेरियन भाषापंडित आणला. तो एलायझाचे बोलणे बारकाईने ऐकतो आणि जाहीर करतो की, ही इंग्रज असणे शक्य नाही, ही हंगेरियन राजकन्या आहे. कारण? इतके निर्दोष इंग्रजी कोणी इंग्रज बोलत नाही. ते फक्त शिकविलेल्या परकीयालाच येते. दिल्लीच्या कचेऱ्यांतून एकमेकांचे 'द' आणि 'र' तपासीत बसलेल्या आपणा सर्वांना नेपोमुकने कोठल्या देशाचे राजपुत्र ठरविले असते, कोण जाणे.